यारीला पाजलेलं तेल

लोखंडी जिना एक. चढणारी एक, उतरणारा एक. जळगावच्या पुखराजशेठच्या कापसाच्या जीनमध्ये पाणी भरणारी तानू आणि धुळ्याहून आलेला शालिग्राम मिस्तरी समोरासमोर आले ते असे, मधल्या पायरीवर. तिच्या कमरेवर कळशी, त्याच्या हातात पाना.

"मागे फिरता का?" तो म्हणाला.

"बायांनी मागे फिरायचं, ही रीत धुळ्याची असेल!"

तो हसला आणि स्वतःच परत वर चढला.

तानूने त्याच्याकडे तीनदा पाहिलं. एकदा नवा माणूस म्हणून. दुसऱ्यांदा नजर चुकून. तिसऱ्यांदा का, ते विचारायची सोय नव्हती. मिस्तरी कशासाठी आलाय, हे तिला ठाऊक होतं.

रुईच्या गाठी माडीवर चढवणारी विजेची यारी काल बिघडली होती. कळ सोडली की जागच्या जागी थांबायची, ती थांबलीच नाही. पाच मणांची गाठ घसरत खाली आदळली आणि चुडामण हमाल वीतभराने वाचला. म्हाताऱ्या बेबाबाईने निदान सांगून टाकलं, "यारीबी देवच शे, माय. कोपली शे." हमालांना बकरं कापायची घाई झाली होती.

तानूला मात्र आपल्या हातची वाटी आठवत होती.

खंडेनवमीला यंत्रं पुसून हळदकुंकू वाहिलं, तेव्हा उंचीला न भिणारी म्हणून तिलाच वर पाठवलं होतं. तिथे चाकाला आवळून बसलेला एक पट्टा कोरडा ठणठणीत दिसला. पिंप्राळ्याला तिचे आबा नवमीला मोटेच्या चाकाला तेल पाजल्याशिवाय घास घेत नसत. तिनेही अर्धी वाटी शेंगदाण्याचं तेल भक्तिभावाने त्या पट्ट्याला पाजलं.

बोलावं, तर काम जाणार. चुडामणची बायको कमलबाई जन्मात तोंड बघणार नाही. गप्प बसावं, तर... मिस्तरी शोधेलच की!

मिस्तरी शोधत होता. तारेचा दोर नीट. गाठ टोकाला गेली की वीज तोडणारी कळ नीट. तानू पाणी घेऊन जिन्याशी हजर.

"तिसरा तांब्या? मी एवढा तहानलेला दिसतो?"

"तोंड सुकलंय तुमचं."

"तुमचं त्याहून जास्त."

तिने पदर ओठांवर ओढला.

"गाठ टांगा!" त्याने वरून हाक दिली. "रिकामी यारी शहाण्यासारखी वागते. ओझ्याखालीच तिचं दुखणं कळेल. खालून सगळे बाजूला व्हा!"

गाठ वर गेली. वीज तोडली. गाठ थांबली... आणि बोटभर खाली आली. वर शालिग्राम बाही सारत होता.

"ब्रेकचा पट्टा सैल वाटतोय. चाचपून बघतो." त्याने चाक आणि पट्टा यांच्यामध्ये हात घातला.

"हात काढा!" तानू जिन्यावर धावली. "मिस्तरी, आधी हात काढा! पट्ट्याला तेल आहे — मीच घातलंय!"

त्याने हात ओढला. तेवढ्यात चाक गरकन फिरलं आणि गाठ धाडकन जमिनीवर.

"उद्यापासून येऊ नकोस," पुखराजशेठ म्हणाले. कमलबाईने पाठ फिरवली.

"शेठ, ब्रेकवर झाकण असतं तर तेल आत गेलंच नसतं," शालिग्राम वरून म्हणाला. "झाकण कुठंय?"

शेठना एकाएकी छपराची कौलं मोजावीशी वाटली. पण शब्द काही मागे घेतला नाही.

फाटकाबाहेरच्या निंबाखाली तानू डोळे पुसत होती. तो मागून आला.

"पट्टा नवाच लागेल. आठ दिवस तरी मी जळगावातच आहे."

"मग? मला कशाला सांगता?"

"कुणाला तरी सांगावंसं वाटलं..." तो घुटमळला. "तुम्ही गप्प बसला असता, तर काम टिकलं असतं."

"आणि तुमची बोटं?"

त्याने उजवा हात पुढे केला.

"मी पण भ्यालो होतो, तानूबाई. मोजून घ्या."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने अंगठ्यापासून एकेक बोट धरून मोजायला सुरुवात केली.

"पाच," ती हळूच म्हणाली... आणि करंगळी काही सोडली नाही.