डावी बाही

सकाळी दहा वाजता टेलरमास्तरांचा उजवा हात हलला.

लकवा मारल्यापासून तो मांडीवर नुसता पडून असायचा. पुनर्वसन केंद्रात चित्रकलेतून उपचार करणाऱ्या ताईंनी ब्रश देऊन पाहिले, बोटं रंगात बुडवली; हात ढिम्म. त्या सकाळी मात्र त्यांनी खाकी कागद पसरला आणि मास्तरांच्या बोटांत शिंप्याचा खडू अडकवला. खडू सरकला.

"सांगत होते ना, हाताला त्याचं चित्र मिळालं की तो ऐकतो," ताई म्हणाल्या.

"माझं लग्नापासून ऐकलं नाही त्यानं," मास्तरांची बायको म्हणाली. या हाताच्याच भरवशावर तिनं दुकान विकायचं थांबवलं होतं.

रोज एकेक भाग कागदावर उतरू लागला. पाठ, पुढची बाजू, कॉलर, उजवी बाही. बायकी कोट. रेघ दिवसेंदिवस ठाम.

"कुणाचा हो?" बायकोनं विचारलं.

"काय की. मी फक्त खडू धरतो."

शेवटी डावी बाही आली. खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी, कडेनं बटणांच्या खुणा. लुळा हात आत सरकवता यावा म्हणून बायकोनं मास्तरांच्या शर्टांना अशीच बाही केली होती. पण उजवी.

"बाजू चुकली, मास्तर," ताई हसल्या.

मास्तरांनी दुसरा कागद घेतला. पुन्हा तीच बाही. तिसऱ्यावरही तीच. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"हात दुसऱ्या बाजूला वळत नाही, ताई."

बायकोनं हौसेनं कोट शिवला आणि गमतीनं ताईंना घालायला लावला. ताईंचा एक खांदा किंचित उतरता. कोट तिथंही चपखल बसला.

"नजरेनं माप घेतलंत होय!"

मास्तर हसले नाहीत. "तो ठेवा इथं. बाही साधी करून देतो."

दुकान उघडलं. हात आता वाटेल ते आखतो, कापतो. त्या कोटाची साधी बाही काढायला घेतली की खडू थांबतो. शेवटी ताईच कोट घेऊन गेल्या.

आज सकाळी ताईंच्या हातातून ब्रश दोनदा निसटला. ताई डावखुऱ्या. ब्रश ओला होता, त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खुंटीवरचा कोट चढवला आणि डाव्या बाहीची बटणं एकट्या उजव्या हातानं लावता येतात का, ते सहज करून पाहिलं.

सगळी लागली.