लाव्हासाठी मांडलेलं जेवण

विश्वास ठेवा, नका ठेवू, मला फरक पडत नाही. मी तिथे होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वेळ थोडा आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

ऑक्टोबर संपत आला होता. एटना ज्वालामुखी इतकी राख ओकत होता की दुपारच्या जेवणाला दिवे लावावे लागले. आमचं घर त्याच्या उत्तर उतारावर, पाइनच्या रानात, रस्ता संपतो तिथे. डोंगर बघायला येणारे लोक आमच्याकडे उतरायचे. आई रांधायची, माझा भाऊ चिरीनो त्यांना वर विवरापर्यंत न्यायचा. बाकीची सगळी कामं माझ्या गळ्यात.

आदल्या दिवशी चिरीनो एका जोडप्याला लाव्हा दाखवायला घेऊन गेला. नवरा फोटो काढत मागे राहिला. चिरीनोने त्याच्या बायकोला खालच्या वाटेला लावलं आणि त्याला शोधायला परत फिरला.

फोटोवाला दुसऱ्याच वाटेने धडधाकट खाली आला.

चिरीनो आला नाही.

शोधायला गेलेली माणसं राखेमुळे माघारी वळली. आणि आता लाव्हा आमच्या घरामागच्या रानातून हळूहळू उतरत होता. फुटक्या काचांचा ढीग कोणी ढकलत आणावा, तसा त्याचा आवाज.

तानोमामा सामान गाडीत भरत होता. "ताई, सोफा राहू दे. डोंगर दमून येणार, टेकेल जरा," म्हणाला. कोणी हसलं नाही. तोही नाही.

आमच्याकडे रीत आहे. घर लाव्हाच्या वाटेत आलं की शिव्याशाप द्यायचे नाहीत. घर झाडायचं, टेबल मांडायचं, वाईन ओतायची आणि दार उघडं ठेवून निघायचं. आलेला पाहुणा उपाशी जाता कामा नये.

आईने झाडलं. पाव, चीज, ऑलिव्ह मांडले.

मग तिने... दुसरा ग्लास आणि दुसरी प्लेट ठेवली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"चिरीनोची. कालपासून पोटात काही नाही त्याच्या."

मामाचा चेहरा उतरला. "ताई, हे पाहुण्याचं टेबल आहे. इथे आपलं माणूस बसवत नाहीत. उचल ती."

"हात लावून तर बघ."

ती मागच्या भिंतीकडे वळली. "घर घे," म्हणाली. "सगळं घे. माझं पोर तेवढं दे मला."

आईला असं गयावया करताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझं काळीज तुटलं. मामाने प्लेट तशीच राहू दिली.

आम्ही खालच्या वळणावर गाडीत बसून राहिलो.

मग तो काचांचा आवाज... थांबला.

वारा नाही. पक्षी तर कालच गेले होते.

आणि घरातून... खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग दुसरी खुर्ची.

मग कोणीतरी खोकलं.

"माझा चिरीनो," आई म्हणाली आणि धावत सुटली. मी तिच्या मागे.

आत कोणी नव्हतं.

दोन्ही ग्लास रिकामे. पाव संपलेला. एका प्लेटमध्ये नुसती राख होती, अजून गरम. दुसरीत ऑलिव्हच्या बिया होत्या... काठाला ओळीने लावलेल्या. चिरीनो लहानपणापासून तशाच लावायचा.

आई हाका मारत खोल्याखोल्यांतून फिरत होती. मी मागचं दार उघडलं.

लाव्हा अंगणाच्या कडेला थांबला होता. मधल्या राखेत बुटांचे ठसे होते. डावी टाच झिजलेली. चिरीनोचेच.

घरात येणारा एकही नव्हता.

सगळे बाहेर जाणारे... थेट त्या लाव्हापर्यंत.

घर वाचलं. लोक आले, आईचे हात धरून "केवढं नशीब" म्हणाले. आईने कुदळ उचलली आणि त्या तापलेल्या दगडावर घालत सुटली. "घर घे म्हटलं होतं मी. घर." मामाने तिला मागून धरलं तेव्हा तिचे तळहात सोलले होते.

चिरीनो आजतागायत सापडलेला नाही.

घर अजून उभं आहे. लोक त्या थिजलेल्या लाव्हाशेजारी उभं राहून फोटो काढतात. मी त्यांना कॉफी देते आणि तोंड बंद ठेवते.

गेल्या आठवड्यापासून डोंगर पुन्हा धुमसतोय. आज सकाळी सरकारी माणसं घर सोडा म्हणून सांगून गेली. आईने झाडलं. टेबल मांडलं. दोन प्लेट.

"आई, पुन्हा चिरीनोची?"

"नाही गं. ही माझी," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

मामा माणसं आणायला खाली गेलाय. मी तिच्यासमोर बसून हे लिहितेय. ओढून झालं, ओरडून झालं, पाया पडून झालं. "तू नीघ पोरी, मला पाहुण्याबरोबर जेवायचंय," एवढंच म्हणते.

आणि मागच्या दाराकडे बघून... मघापासून ती हसतेय.