मी राजी म्हणणार नाही

वाऱ्यानं कागद उडवला नसता, तर मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

मे महिना, तुती पिकायचे दिवस. मर्गिलानहून फरगानाला जाणाऱ्या छोट्या दमास गाडीत आम्ही सातजण कोंबून बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लावून. उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून कुणीतरी काच सरकवली आणि माझ्या मांडीवरच्या फायलीतून एक कागद सुटला. समोर बसलेल्या माणसानं तो हवेतच धरला. देता देता त्यानं त्यावरचं नाव वाचलं, आणि हात तसाच थांबला.

"वाचून झालं असेल तर द्या," मी म्हटलं.

"सालोमत ओपा..." तो पुटपुटला, आमच्याकडे मोठ्या बाईला आदरानं ओपा म्हणतात आणि पुरुषाला आका, तसं. "तुमच्या कोण?"

"आई. द्या इकडे."

त्यानं कागद दिला, पण नजर माझ्या हातावरच राहिली. उजव्या अंगठ्याजवळ इस्त्रीनं भाजल्याचा डाग आहे माझ्या, शिवणकाम करणाऱ्या बाईला असतोच. तो डाग त्यानं इतका वेळ पाहिला की मी हात ओढणीखाली घेतला. मनात म्हटलं, काय मेला निर्लज्ज आहे. उट्टं काढायला म्हणून मी त्याच्या सदऱ्याकडे बोट केलं. खिशापाशी काळ्या तुतीचा चांगला नाण्याएवढा डाग पडला होता.

"साबणानं जाणार नाही तो. कच्ची तुती चोळा."

"म्हणजे तुतीचा डाग तुतीनंच घालवायचा?"

"ज्यानं लावला त्यानंच काढायचा. जगरीत आहे."

तो हसला नाही. खरं तर मी हसण्यासाठीच बोलले होते... पण तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या फायलीत आईच्या आजारपणाचे चार दाखले होते, दवाखान्याचे, शिक्क्यासकट. आईनं सव्वीस वर्षं रेशमाच्या कारखान्यात काढली. उकळत्या पाण्यातले कोश बोटांनी चाचपायचे, धाग्याचं टोक शोधायचं, चाकावर चढवायचं. हाताची कातडी कायम भिजलेली, छातीत कायम वाफ. शेवटी छातीनं दगा दिला. चार महिने ती अंथरुणाला खिळली आणि त्या चार महिन्यांचा एक पैसा कारखान्यानं दिला नाही. नोव्हेंबरात ती गेली. जनाज्यापाशी माझ्या मामानं रिवाजाप्रमाणे मोठ्यानं सांगितलं, की माझ्या बहिणीकडे कुणाचं काही येणं असेल तर ते आमच्याकडे मागा. कुणी पुढे आलं नाही. पण औषधवाला होता, शेजारची रोबिया मावशी होती, जिनं चार महिने दूध घातलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. देणं ठेवून गेलेल्या माणसाला मातीतही चैन नसतं म्हणतात. वर्षाच्या जेवणाआधी हे सगळं फेडायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि फेडायला आईच्या हक्काच्या पैशांखेरीज माझ्याकडे काही नव्हतं.

फरगानात कामगार निरीक्षकासमोर बसले. भला माणूस होता. त्यानं कारखान्याचं उत्तर वाचून दाखवलं. मालक कुद्रत आका आजाऱ्याला भेटायला स्वतः घरी गेले, आजारपणाची पूर्ण रक्कम त्यांनी बाईंच्या हातात दिली, आणि बाई साक्षीदारांसमोर 'राजी आहे' म्हणाल्या. खाली हिशेबनीस बाईंची सही आणि हजेरी कारकुनाची.

आमच्याकडे प्रवासाला निघालेला माणूस म्हणतो 'राजी व्हा', आजाऱ्याला भेटून उठणारा म्हणतो, मरणारा म्हणतो. समोरच्यानं 'राजी आहे' म्हणायचं, म्हणजे दोघांत काही उरलं नाही, सगळं माफ. 'नाही' असं कुणी म्हणत नाही. आमची कोंबडी चोरून खाणाऱ्या शेजाऱ्यालासुद्धा आई 'राजी आहे' म्हणाली होती, चोरीचं ठाऊक असून. तर मालकाला म्हणाली असेल यात नवल काय. पण त्यानं आणलं होतं ते एक तबक. दोन नान, साखर आणि किलोभर मांस. पाकीट नव्हतं. पण हे मी शपथेवर कसं सांगणार? परके पुरुष आत बसलेले, म्हणून मी स्वयंपाकघरात चहा करत होते. दार किलकिलं करून किटली आत सरकवली, तेवढीच मी तिथे होते.

"साक्षीदारांपैकी एकजण जरी फिरला," निरीक्षक म्हणाला, "तरी मी त्यांना सोडणार नाही."

परतीच्या गाडीत तो पुन्हा समोर. माझे डोळे सुजलेले. त्यानं खिडकीजवळची जागा मला दिली आणि न सांगता माझं भाडं भरून टाकलं. उतरताना म्हणाला, "कच्ची तुती कशी चोळायची ते मला जमणार नाही."

मी धोबीण आहे का, असं म्हणायचं होतं मला. तोंडातून निघालं, "बाजारात कापडाची गल्ली, तिसरं दुकान." जिभेला काही हाड.

गुरुवारी तो आला. मी डाग घालवून दिला. पुढच्या गुरुवारी बटण तुटलं, त्याच्या पुढच्या गुरुवारी दुसरं. एवढी बटणं कशी तुटतात हो, मी विचारलं, तर म्हणाला, "ओढतो मी." नाव मी विचारलं नाही, त्याला 'तुतीवाले' म्हणायची. काम काय करता विचारलं तर म्हणाला, कोण आलं, कोण नाही आलं, ते लिहितो. मला वाटलं, शाळेत असेल. येताना वाडगाभर तुती आणायचा, वर पान झाकून. आम्ही मशीनच्या दोन बाजूंना बसून खायचो आणि बोटं जांभळी व्हायची. आई गेल्यापासून मला चव लागत नव्हती कशाची, ती त्या दिवसांत परत आली. खोटं कशाला बोलू, बुधवारपासूनच मी गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागायची.

त्याला मी सगळं सांगितलं. आई, दाखले, निरीक्षक. आणि त्या दोन साक्षीदारांचे हात झडोत, असंही म्हणाले. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. त्या दिवशी तुती तशीच राहिली.

पुढच्या गुरुवारी तो रिकाम्या हातानं आला, बसलाही नाही.

"त्या दिवशी मी फक्त तुमचा हात पाहिला होता," तो म्हणाला. "किटली आत सरकवणारा. अंगठ्यापाशी डाग होता. गाडीत तोच हात दिसला..."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि मशीनचं चाक माझ्या हाताखाली आपोआप थांबलं.

"मी दोनियोर. कारखान्यात हजेरी लिहितो. तबक मीच धरलं होतं. तुमच्या आई गेल्यावर हिशेबनीस बाईंनी कागद पुढे केला. म्हणाल्या, ओपा राजी म्हणाल्या ते तू ऐकलंस ना? मी म्हटलं, ऐकलं. म्हणाल्या, मग कर सही. मी केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. वाचायला हवं होतं."

"आणि इतके गुरुवार इथे बसून माझ्याबरोबर तुती खात होता?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो. मग तुम्ही हसलात."

मला त्याच्या तोंडावर कात्री फेकावीशी वाटली. चालते व्हा म्हटलं. तो पायरी उतरला, आणि पाठमोराच म्हणाला, "त्या राजी म्हणाल्या, पण तिथे थांबल्या नाहीत. म्हणाल्या, मी राजी आहे कुद्रतजान, पण लेकीचं लेकीला दे. माझ्या चार महिन्यांचं तिच्या हातात दे. कागदावर हे कुणी लिहिलं नाही."

तो गेला आणि मी दुकानाचं फळकूट लावून आत बसून रडले. आई माझ्याबद्दल बोलली होती. भिंतीपलीकडे मी चहात साखर घालत होते, आणि ती माझंच नाव काढत होती. सात महिने मला वाटत होतं, की ती मला काहीच न सांगता गेली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तो निरीक्षकापुढे जाऊन बसला. पाकीट नव्हतं, पैसे दिले नाहीत, आणि बाई काय म्हणाल्या, तीनही गोष्टी स्वतःच्या हातानं लिहून दिल्या. मी बोलले होते ना, ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुपारपर्यंत त्याची नोकरी गेली होती. मर्गिलान केवढंसं... रेशमाचे सगळे मालक एकमेकांच्या लग्नात जेवलेले. कुणी त्याला दारात उभं करेना.

ऑगस्टात पैसे आले. मी एकेकाच्या दारी गेले. औषधवाल्यानं घेतले. रोबिया मावशी घेईना, तिच्या पदरात घालून आले. "आता आईवर राजी व्हा," मी म्हणायची, आणि ते 'राजी आहे' म्हणायचे, मनापासून. देणी फिटून थोडे उरले. ते मी बटणांच्या डब्यात ठेवले. लेकीचे होते ते, पण हात लावायला धजेना.

दोनियोर मधल्या काळात आला नाही. मीच निरोप धाडला, की सदऱ्याचं बटण राहिलंय. तो आला तेव्हा सदऱ्याला सगळी बटणं होती. मी त्यातलं एक कापलं आणि परत लावायला घेतलं. दोरा दातानं तोडताना माझं कपाळ त्याच्या खांद्याला लागलं, आणि आम्ही दोघंही हललो नाही. बस, एवढंच. ह्यापेक्षा जास्त आमच्यात काही झालं नाही, आणि ह्यापेक्षा कमी असतं तर बरं झालं असतं.

कारण तो निघाला होता. रशियात, बांधकामावर. सप्टेंबरातली सकाळ होती. बसला तासभर असताना तो दुकानात आला, हातात फडक्यात गुंडाळलेली नान. प्रवासाला निघणारा नानचा एक घास चावतो आणि उरलेली घरी खिळ्याला टांगून ठेवतात, परत येऊन त्यानंच संपवायची म्हणून. ही नान आई जपते, नाहीतर बायको. त्याला आई नव्हती.

त्यानं माझ्यासमोर घास तोडला, चावला, आणि उरलेली नान माझ्या मशीनवर ठेवली. विचारलं काहीच नाही. मी ती उचलून छातीशी धरली, यात सगळं आलं.

"निघतो," तो म्हणाला. "राजी व्हा, ओयदिन."

"नाही."

"सगळे म्हणतात. वाटेला लागताना म्हणायचं असतं."

"माझी आई म्हणाली, आणि गेली. तुमचं माझं काही मिटायला नकोय मला. तुम्ही माझं देणं लागता, दोनियोर आका. या आणि फेडा."

त्यानं मान खाली घातली. डोळ्यांत पाणी होतं की काय, मी बघितलं नाही, माझ्याच डोळ्यांनी दिसत नव्हतं. बस सुटली तेव्हा मी दुकानातच बसले होते, नान मांडीवर घेऊन.

तीन वर्षं झाली त्याला. आधी वर्षाचं म्हणाला होता, मग ठेकेदारानं कागद अडकवून ठेवले, ते सुटले, मग आणखी एक हिवाळा. मामानं दोन स्थळं आणली, मी परत पाठवली. मामा खिळ्याकडे बघून म्हणतो, अगं, ती नान आता दगड झाली. होऊ दे म्हटलं, दगड काही नासत नाही. दर गुरुवारी फोन येतो, आणि शेवटी त्याचं ठरलेलं असतं, आता तरी राजी का? मी म्हणते, नाही. मग तो हसतो, आणि ते हसू मला पुढच्या गुरुवारपर्यंत पुरवावं लागतं.

या मे महिन्यात दोन गुरुवार फोन आला नाही. तिसऱ्या गुरुवारी आला तर आवाज ओळखू येईना. छाती भरली होती, म्हणाला, दोन आठवडे पडून आहे, आता बरंय. बरं नव्हतं. तो खोकला मी चार महिने भिंतीपलीकडून ऐकलेला आहे.

"पडून असल्याचे पैसे देतात का तिथे?" मी विचारलं.

"इथे कोण देतो?"

"डॉक्टरचा दाखला घेतलात? शिक्का नीट उमटलाय का ते बघा. तारीख घालून घ्या. आणि न वाचता कशावर सही करू नका."

तो हसायला गेला आणि खोकला. बराच वेळ खोकत राहिला. मग हळूच म्हणाला, "ओयदिन... आज तरी म्हणा. राजी व्हा."

ह्या खेपेला तो चेष्टेनं मागत नव्हता.

"नाही म्हणणार," मी म्हटलं. "समोर येऊन मागा."

फोन ठेवला आणि बटणांचा डबा काढला. लेकीचं लेकीला दे, आई म्हणाली होती. तीन वर्षं मला कळत नव्हतं, त्या पैशांचं काय करायचं. दुपारी जाऊन त्याचं परतीचं तिकीट काढलं. आईच्या आजारपणाचे पैसे, आजारपणालाच लागले. तिची हरकत नसणार.

गुरुवारचं विमान आहे. त्याच्या बरोबरचा गडी म्हणतो, उभा राहतोय, जिना उतरवू आम्ही त्याला. मी सकाळीच खिळ्यावरची नान उतरवली, धूळ झटकली, परत फडक्यात बांधली. त्याच्या दाताची खूण अजून तशीच आहे. दगड झालीये खरी, पण चहात भिजवली की चावता येईल.