दीक्षाबाईंचा हौद

कोचीहून आलेल्या खोक्यात अकरा छोट्या बाटल्या होत्या. हिंदी महासागराच्या तळातून, पावणेतीन किलोमीटर खोलीवरून काढलेल्या एका स्पंजाचा अर्क. यकृताच्या कॅन्सरच्या पेशींवर तो घालायचा आणि काय होतं ते नोंदवायचं, एवढंच रामदासपेठेतल्या आमच्या प्रयोगशाळेचं काम होतं. सोबत मोहिमेवरच्या लोकांचं चार पानी टिपण होतं. त्या खोलीवर उजेड पोचत नाही. वरच्या पाण्यातल्या मेलेल्या जिवांचा भुगा अखंड खाली पडत राहतो. स्पंज जागचा हलत नाही. पाणी आत ओढतो, भुगा ठेवून घेतो, स्वच्छ पाणी बाहेर सोडतो.

पेशी मेल्या नाहीत. त्यांची वाढ थांबली, आणि ताटलीत त्या एकमेकींना चिकटून कड्यासारख्या बसल्या. मधे भोक. सगळ्या ताटल्यांत तेच. मी फोटो काढले, तारखा घातल्या, 'रचना अनपेक्षित' असं लिहिलं.

मग एक बाटली कमी भरली.

प्रेमानंद मेश्राम एकोणीस वर्षं माझ्याबरोबर तंत्रज्ञ आहेत. त्यांच्या हातून कधी थेंब सांडल्याचं मला आठवत नाही. म्हणून आधी त्यांनाच विचारलं.

"मी नेली मॅडम," हातमोजे उतरवत ते म्हणाले. "तुमाले सांगणारच होतो."

मी ऑफिसात पुस्तकी बोलते. त्या दिवशी तोंडून "काहून?" निघालं.

"दीक्षाले घरी न्या म्हटलं डॉक्टरनं." दीक्षा म्हणजे त्यांची बायको, यकृताच्याच कॅन्सरनं आजारी. "दोन महिने, म्हणे. अन् इथं ताटलीत गाठ थांबलेली मी रोज पाहून राहिलो होतो."

"किती दिलं?"

"रोज एक थेंब, पाण्यात. तीन आठवडे." त्यांनी हातमोजे डब्यात टाकले. "बरी आहे ते. पण तुम्ही एकदा येऊन पाहून घ्या."

खरं तर मी तेव्हाच संचालकांकडे जायला हवं होतं. मी कोराडीच्या बसमध्ये बसले.

एप्रिलची दुपार होती. कोळशाच्या ट्रकांमागे बस रखडत होती. वस्तीतली झाडं करड्या रंगाची झाली होती, धुतलेले कपडे लोकांनी घरातच वाळत घातले होते. प्रत्येक दारातल्या पाण्याच्या टाकीवर वीजकेंद्राच्या राखेची साय होती.

प्रेमानंदांच्या अंगणातल्या हौदावर नव्हती. पाणी इतकं नितळ की तळाशी पडलेली सेफ्टी पिन दिसत होती. काठावर, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून दीक्षाबाई बसल्या होत्या.

जानेवारीत मी त्यांना दवाखान्यात पाहिलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. आता डोळे पांढरेशुभ्र होते आणि पोट सपाट.

"बसा मॅडम," त्या म्हणाल्या. फार उशिरा म्हणाल्या.

"जेवण जातंय का?"

"भूक नाही लागत."

"अठरा दिवस झाले," प्रेमानंद हळूच बोलले. "नुसतं पाणी पेते."

मी नाडी धरली. मिनिटाला बावीस. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं आणि तो हात माठाच्या बुडासारखा गार होता.

"काही त्रास?"

"उजेड लय वाटते." त्यांनी तोंड वर केलं. हवेत बारीक राख उतरत होती. "पण हे बरं आहे. तिथंबी वरून असंच पडत राहते. सारखं."

"कुठे?"

त्यांचं तोंड वरच होतं. मी प्रेमानंदांकडे पाहिलं.

"टिपणातलं मी घरी काहीच नाही सांगतलं, मॅडम," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दीक्षाबाईंना माझ्या वर्गमित्राकडे, सुमंतकडे, स्कॅनसाठी नेलं. तासाभरानं तो बाहेर आला.

"गाठ नाही. कुठेच नाही. जुनी फिल्म याच बाईंची आहे ना?"

मी हो म्हटलं. त्यानं दार लावून घेतलं.

"नीला, मी त्यांना श्वास धरा म्हटलं आणि सोडा म्हणायचं राहून गेलं. मशीन अडकलं होतं. अकरा मिनिटं. त्यांनी सोडलाच नाही."

त्याच्या अहवालात श्वासाचं काही आलं नाही. संचालकांना पत्र लिहायला मी दोनदा बसले. बाई बरी झाली, ही तक्रार कशी लिहायची ते सुचेना.

चौथ्या दिवशी पुन्हा कोराडीला गेले. प्रेमानंद अंगणात पायरीवर बसले होते. दाढी वाढली होती.

"ओळखते मले," ते म्हणाले. "नाव घेते. जवळ बसलो तर हात देते. पण तिच्या आंगाले आपल्या घरचा वास नाही राहिला, मॅडम. सव्वीस वर्षं झाली लग्नाले. मले समजते."

"थेंब आजपासून बंद."

"शिशी तर आठ दिवसांआधीच सरली."

दीक्षाबाई काठावरून हौदात उतरल्या होत्या. पाणी आता कंबरेपर्यंत होतं.

"आणि हे पाणी?" मी विचारलं. "हौदातलं? तुम्ही वापरता?"

"आम्ही नाही. भीमाबाई नेते, शेजारची. पेते. तिचा दहा वर्षांचा खोकला गेला म्हणते. आता सारी गल्लीच नेते." ते माझ्याकडे पाहत राहिले. "इतकं साफ पाणी इथं कुठं भेटते?"

मी उठले.

गल्लीत चार वाजताचं ऊन होतं. कुणी खोकत नव्हतं. कुत्रंही नव्हतं.

शेजारच्या ओट्यावर भीमाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप मांडीवर, बोटं तांदळात.

"भीमाबाई," मी हाक मारली.

बोटं हलली नाहीत. तोंड वर होतं, जरासं उघडं.

पलीकडच्या ओट्यावर दोघी होत्या. त्याच्या पलीकडे एक म्हातारे गृहस्थ. सगळ्यांची तोंडं वर.

मी जवळ गेले. सुपातल्या तांदळावर राखेचा जाड थर बसला होता. भीमाबाईंच्या चेहऱ्यावर राखेचा एक कणही नव्हता.