संकष्टीच्या दिवशीचं ब्लडप्रेशर

टिटवाळा स्टेशनबाहेर शेअर रिक्षात कशीबशी जागा मिळाली. दूर्वा-जास्वंदीच्या पिशव्यांमधून शेजारच्याने विचारलं, "दर्शनाला?"

"छे! तपासणीला," मी ऐटीत म्हणाले. "इथल्या सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांचा विभाग आहे ना, त्याने म्हाताऱ्यांना खरंच गुण येतो का, ते बघायचंय. डॉक्टर बहुतेक खुर्चीत डुलक्या काढत असणार."

"असेल बुवा," तो म्हणाला. त्याच्या गालाला खळी पडत होती, ती मी उगाचच पाहिली.

दवाखान्याशी तोही उतरला आणि बॅगेतून स्टेथोस्कोप काढून गळ्यात घालत म्हणाला, "या ना. डुलकीला अजून वेळ आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! मी उर्वी, नौपाड्यातली. जिभेला हाड नाही, हे आई रोज सांगते.

त्याचं नाव मुकुल. आसपास म्हातारी माणसं वाढत चाललेली, पैसा मात्र तेवढाच. म्हणून जिथे पेशंटचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे, तेच विभाग पुढे चालणार होते. बाकी ठिकाणच्या म्हाताऱ्यांनी दुखरे गुडघे घेऊन कल्याण गाठायचं. म्हणजे सगळं माझ्या अहवालावर होतं.

...आणि एकेकाचं ब्लडप्रेशर वाढलेलंच निघत गेलं. मी मशीन बदललं, तरी तेच. मुकुलची खळी केव्हाच मावळली होती.

"आकडे जरा खाली आणा, असं नाही म्हणणार?" मी हळूच विचारलं.

"नाही. ह्यांचं खरंच वाढलं असेल, तर आधी मला कळायला हवं ना?"

मी तिथेच त्याच्या प्रेमात पडले. उगाच आढेवेढे कशाला!

बाकावर विमलाबाई बसल्या होत्या. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला.

"नको गं बाय, आज संकष्टी ना."

"मग सकाळची गोळी?"

"ती कशी घेणार? डॉक्टरच म्हणाले, जेवल्यावर घ्यायची. जेवणार चंद्र उगवल्यावर."

बाकावरच्या सगळ्या माना डोलल्या. मुकुलने कपाळाला हात लावला. "मी कधी विचारलंच नाही..."

"आणि मी कॅलेंडर न बघता तारीख ठरवली," मी म्हणाले. मग दोघंही हसत सुटलो.

अहवालात मी वाढलेले आकडे लिहिले, त्याचं कारणही लिहिलं. माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी पुढच्या संकष्टीची मुदत दिली. तेव्हाही हेच निघालं, तर विभाग बंद.

महिनाभर मुकुलचे फोन यायचे. सगळे कामाचे हं! उपासालाही दूध-केळं खाऊन गोळी घ्या, हे तो घसा कोरडा करून सांगत होता, पण विमलाबाई ऐकेनात. शेवटी त्याने देवळातल्या गुरुजींनाच आणलं. गुरुजींनी सगळ्यांसमोर स्वतःची गोळी घेतली आणि म्हणाले, "बाप्पाला उपास चालतो, हट्ट नाही."

पुढची संकष्टी आली. मी मशीनचा पट्टा बांधायला घेतला. पहिल्या आजोबांचं ठीक. मग आजींचं ठीक... विमलाबाईंचं तर माझ्याहून छान! विभाग वाचला होता. माझे डोळे भरून आले.

"आता डॉक्टरांचं बघ," विमलाबाई म्हणाल्या.

मुकुल बाही सरसावून बसला. मी मोजलं.

"अय्या, वाढलंय तुमचं! गोळी चुकवली?"

"माझाही उपास आहे..."

"कधीपासून?"

"गेल्या संकष्टीला तुम्ही परत गेलात ना, तेव्हापासून."

मी पट्टा सोडायचं विसरूनच गेले.

"एकदा मोजून काही ठरत नाही," मी कसंबसं म्हणाले. "पुन्हा पुन्हा बघावं लागेल."

"किती दिवस?"

"आपण दोघं ह्या बाकावर बसायच्या वयाचे होईपर्यंत."

"नक्की येशील?" तो पहिल्यांदाच एकेरीवर आला, आणि ती खळी परत आली.

"येईन रे..."

विमलाबाईंनी पिशवीतून केळं काढलं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं, अर्धं त्याच्या.

"घ्या. सोडा आता उपास."