अ‍ॅसिडचा टॅग

शाईस्ता आमच्या शेजारची. तिच्या तळहातांवरचे भाजल्याचे पांढरे डाग मी स्वतः पाहिलेत, म्हणून हे खरं मानतो. तुम्ही मानायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अंबाजोगाईच्या बाहेर, माळावर केमिकलचं एक गोदाम होतं. शाईस्ता तिथं ड्रमला तारेनं टॅग बांधायची. जाड प्लास्टिकचे टॅग. पाण्यात फाटत नाहीत, अ‍ॅसिड सांडलं तरी अक्षरं जात नाहीत. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून त्यावर जळत्या हाताचं चित्र.

बांधायला शिकवलं होतं बद्रीनाथमामांनी. गोदामातले जुने हमाल. ते डावखुरे, त्यामुळं त्यांच्या तारेचा पीळ नेहमी उलटा पडायचा.

मॅनेजर अमरसिंहला मात्र ते टॅग डोळ्यांत सलायचे. टॅग बघितला की साधे टेम्पोवाले माल घेईनात. मग तो पक्कड घेऊन टॅग तोडायचा आणि अ‍ॅसिड साबणाचं पाणी म्हणून पाठवून द्यायचा.

असाच एक बिनटॅगचा ड्रम मामांनी साबणाचं पाणी समजून उघडला.

अ‍ॅसिड थेट तोंडावर उडालं. शाईस्तानं त्यांना धरलं, तर गालाचं कातडं तिच्या हातात आलं.

दवाखान्यात मामा गेले. अमरसिंहनं सगळीकडं सांगितलं, म्हातारा पिऊन आलता.

मामांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता.

तेरावं होतंय न होतंय, तोच अमरसिंहनं पुन्हा पक्कड उचलली.

भर दुपार. लाईट गेलेली. सगळे बाहेर लिंबाखाली भाकरी खात बसलेले. आत एकटा अमरसिंह. टॅग तोडल्याचा आवाज येत होता.

कट्... कट्...

मग तो थांबला.

आणि दुसराच आवाज सुरू झाला... तार पिळल्याचा.

किर्र... किर्र...

शाईस्ताचा घास हातातच राहिला. तार पिळणारी ती तर बाहेर बसली होती.

तेवढ्यात शटर धाडकन खाली आलं. आतून किंकाळी फुटली. ड्रायव्हर राधाकिशन पहार घालून शटर उचकटायला लागला. हलेना.

"बद्रीनाथ, सोड. चुकलो रे, सोड..."

त्यानंतर नुसतं गुरगुरणं. मग तेही नाही.

शटर... आपोआप वर गेलं.

अमरसिंह कोरड्या फरशीवर पडला होता. सगळे ड्रम बंद. एक थेंब सांडलेला नव्हता. तरी त्याच्या तोंडाचं कातडं सोलून गळ्यावर लोंबत होतं. डोळे दुधासारखे पांढरे.

आणि जनावराला बिल्ला मारतात तशी, त्याच्या कानातून तार आरपार घातली होती. तिला टॅग. जळत्या हाताचा.

तारेचा पीळ उलटा होता.

अमरसिंह जगला. दिसायचं मात्र कायमचं गेलं. शाईस्ता एकदा त्याला बघायला गेली. पावलं ओळखून त्यानं हळूच विचारलं, "तो गेला का?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पण तिच्या पाठीमागच्या कोपऱ्यातून अ‍ॅसिडचा उग्र वास येत होता... आणि ओला श्वास.

"गेला, साहेब," म्हणून ती तशीच बाहेर पडली.

मी तिला विचारलं, मागं वळून का बघितलं न्हाईस?



"मामा हायेत तिथं," ती म्हणाली. "पण त्यांना आता तोंड न्हाई. काय बघू?"