नापास साहेबांचं मत

जाग आली तेव्हा माझं डोकं एका अनोळखी खांद्यावर होतं.

खांदा पुरुषाचा होता, शर्ट फिकट निळा होता आणि त्यावर... देवा... माझ्या लाळेचा चांगला रुपयाएवढा डाग होता. समोर व्यासपीठावर कुणीतरी क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या, म्हणजे पैशाच्या गणिताच्या, मास्टर्सची माहिती देत होतं. या कार्यक्रमासाठी मी कधी नव्हे ती ऑफिसातून वेळेवर निघाले होते आणि तो सगळाच्या सगळा झोपून काढला होता.

"सॉरी!" मी ताडकन सरळ बसले. "मी किती वेळ...?"

"स्वागत चालू होतं तेव्हापासून," तो म्हणाला. "विशेष काही हुकलं नाही. मी दोघांच्या वाटचं ऐकलंय."

तेवढ्यात आयोजक बाई रांगेतून वाट काढत आल्या. "अहो, तुम्हाला दोनदा पुकारलं! माजी विद्यार्थी म्हणून तुम्ही बोलणार होतात ना? कुठे होतात?"

"इथेच होतो. उठता येत नव्हतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून निघून गेल्या. माझे कान लालबुंद झाले.

बाहेर बारीक पाऊस होता. छपराखाली कागदी कपातली कॉफी घेताना कळलं की तो माझ्याच बँकेत आहे. मी तिसऱ्या मजल्यावर, तो सातव्या. आम्ही खाली बसून गणिती मॉडेलं बांधतो, म्हणजे बँकेचं कुठे किती बुडू शकतं याचा अंदाज. आणि सातव्या मजल्यावर ती तपासतात; आमच्या मजल्याची तपासणारा तिथे एकच माणूस. माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली.

"थांबा... नापास साहेब तुम्ही?"

"असं म्हणतात मला?"

मी जीभ चावली. आमच्या मजल्यावर त्याला कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्याचे शेरे सगळ्यांना पाठ होते. माझं मॉडेल त्यानं गेल्याच आठवड्यात परत पाठवलं होतं.

"माझ्यावर सात पानं लिहिलीत तुम्ही."

"तुमच्यावर नाही, मॉडेलवर." तो कपात बघून हसला. "तुमच्यावर लिहायचं तर... सात पुरायची नाहीत."

इतक्या थकलेल्या चेहऱ्याच्या माणसाला इतकं सहज बोलता येतं, याचाच मला जास्त राग आला. आणि बसमध्ये खिडकीच्या काचेत मी स्वतःलाच हसताना पकडलं.

पाचव्या मजल्यावर कॉफीचं मशीन होतं. तो दोन मजले उतरायचा, मी दोन मजले चढायचे. ठरवून नाही हं... पण रोज. जिन्याच्या पायरीवर बसून आम्ही मशीनची कडू कॉफी प्यायचो आणि माझ्या प्रश्नाचा कीस पाडायचो.

प्रश्न साधा होता. मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक इथेच, त्याच्या जुन्या कॉलेजात. संध्याकाळचे वर्ग, नोकरी चालू ठेवून दोन वर्षं. कोडिंग, शेअर-रोख्यांच्या किमती काढण्याच्या रीती, शिकवायला बँकांतलेच लोक. दुसरा लांबच्या शहरात, गणित विभागात. नोकरी सोडून दोन वर्षं, संभाव्यतेपासून सगळं मुळापासून. पुढच्या नोकरीची हमी कुणी देत नव्हतं.

"संध्याकाळचा चांगला आहे," सुरुवातीला तो भरभरून सांगायचा. "कामाला लगेच लागतो. फक्त झोपेवर पाणी सोडावं लागतं."

"झोप मी वर्गातच घेईन."

"मग शेजारी कोण बसतंय ते बघून घ्या."

"का? आधी तुमची परवानगी काढायची?"

तो कपाशी खेळत राहिला. उठला मात्र नाही.

खरं सांगायचं तर मी फार दमले होते. सकाळी डोळे चुरचुरत उठायचे, आरशात बघायचा कंटाळा यायचा. दिवसभर सूत्रं वापरायची. ती का चालतात असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचे. हे मी फक्त त्यालाच सांगितलं. आईलाही नाही. त्या दिवशी सगळं ऐकून तो म्हणाला, "तुझी कॉफी गार झाली." 'तुम्ही'ची 'तू' केव्हा झाले, मला कळलंच नाही.

मात्र शेवटची तारीख जवळ आली तसा तो बदलला. हवापाण्याचं बोलायचा, लिफ्टचं बोलायचा, पण कॉलेजांचा विषय निघाला की मिठाची गुळणी. शुक्रवारी दोन्हीकडे कळवायचं होतं. बुधवारी मी वैतागून म्हटलं, "आता तूच सांग. कुठे जाऊ?"

"मी नाही सांगू शकत."

"का? सात पानं लिहिता येतात आणि इथे एक वाक्य नाही?"

"नियम आहे." तो माझ्याकडे बघत नव्हता. "निकालात ज्याचा स्वार्थ असेल त्यानं तपासायला बसायचं नसतं. तसं सांगून बाजूला व्हायचं. मी... बाजूला होतोय."

"म्हणजे? तुझं जुनं कॉलेज म्हणून? जावई आहेस का तू त्या कॉलेजचा?"

तो काहीतरी बोलणार होता. मग त्यानं कप चुरगळला आणि जिना चढून गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गरज होती तेव्हाच या माणसाला नियम आठवले!

घरी आले तर आई बादलीत पाय बुडवून बसली होती. ती डोळ्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर उभं राहून लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावते. मी पर्स फेकली आणि सगळं भडाभडा सांगितलं.

"किती वर्षं झाली त्याला तिथून बाहेर पडून?" आईनं विचारलं.

"असतील पाच-सहा."

"तुला धाडलं म्हणून कॉलेज त्याला काही देणार आहे?"

"छे गं."

"मग स्वार्थ कसला?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं... आणि ते तसंच उघडं राहिलं. आई इतकी हसली की बादलीतलं पाणी फरशीवर सांडलं. "एवढी गणितं करतेस गं बाई! दुसऱ्या कुठल्या पोरीला हे बुधवारीच कळलं असतं."

"आज बुधवारच आहे, आई."

"दुपारी कळलं असतं."

मी फरशी पुसायला बसले. पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत राहिले. म्हणजे इतके दिवस... तो 'थांब' म्हणू शकला असता. मी त्याचं ऐकलंही असतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो गप्प होता.

"राहते मी इथेच," मी म्हटलं. "तू तरी एकटी कशी राहशील?"

आईचं हसू थांबलं. "ते माझ्यावर ढकलू नकोस. राहायचं तर स्वतःसाठी राहा. माझ्यासाठी राहिलीस म्हणून सांगत फिरलीस तर मला ते ऐकवणार नाही. त्याच्यासाठी राहिलीस तर त्याला ऐकवणार नाही."

गुरुवारी मी पाचव्या मजल्यावर गेले नाही. दिवसभर संध्याकाळच्या वर्गांचं चित्र डोळ्यांपुढे येत होतं. वर्ग सुटल्यावर तो फाटकाशी उभा, त्याच्या हातात दोन कप... फार गोड होतं ते. मी त्याच्या प्रेमात होते, यात आता तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण त्या चित्रात वर्गाच्या आतलं काहीच नव्हतं. मी काय शिकतेय, हेच दिसत नव्हतं. लांबच्या शहराचं चित्र रिकामं होतं, भीती वाटण्याइतकं. तरी तिथे फळा होता आणि फळ्यावर माझा प्रश्न होता: ही सूत्रं का चालतात? न कळता राबून मी दमले होते. तो थकवा घेऊन त्याच्याजवळ राहिले असते, तर एक दिवस त्याच्यावरच चिडले असते.

शुक्रवारी सकाळी, ऑफिसला निघण्यापूर्वी मी कळवून टाकलं. दोन्हीकडे. मग धावत जाऊन बस गाठली.

जेवणाच्या सुट्टीत तो पायरीवर बसलेला होता. डोळे तांबारलेले; दोन रात्री झोपला नसावा. माणसं डबे घेऊन आमच्या बाजूनं खाली-वर करत होती. मी त्याच्या शेजारी बसले.

"लांबचा," मी म्हटलं. "कळवलं सकाळी."

त्यानं डोळे मिटले. उघडले. "बरोबर केलंस."

"हे कोण बोलतंय? नापास साहेब की...?"

"नापास साहेब. दुसऱ्याला विचारू नकोस."

"त्यालाच विचारायला आलेय. आणि माझंही सांगून टाकते म्हणजे झालं. माझाही स्वार्थ होता. भरपूर होता. अजून आहे."

तो वळला. आजवर माझ्याकडे इतकं सरळ त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याचा हात माझ्या हातावर आला, कॉफीशिवायही गरम.

"दोन वर्षं," तो म्हणाला.

"सुट्ट्या असतात. रात्रीची गाडी असते. तुलाही रजा असतीलच ना... कधी घेतोस का?"

"कारण नव्हतं."

"आता आहे. तुला काय म्हणायचं होतं बुधवारी?"

"ते राहू दे."

"एकदा म्हण. निकाल लागलाय, आता बिघडण्यासारखं काही नाही. मी ऐकणार नाहीये... पण मला ऐकायचंय."

वरून कुणीतरी धडधडत उतरलं. तो त्याला वाट देण्यासाठी सरकला, माझ्या आणखी जवळ. आणि अगदी हळू म्हणाला, "थांब ना."

मी जाणार होते. पण सुट्टी संपली, जिना रिकामा झाला, तरी कितीतरी वेळ मला त्या पायरीवरून उठता आलं नाही.